मुगाच्या मोडातून आरएनए: काढावा कसा, जपावा कसा

दर जूनमध्ये आमच्या प्रयोगशाळेत पुण्यातल्या कॉलेजांमधून एम.एस्सी.ची मुलं-मुली प्रकल्पासाठी येतात. डीएनए बहुतेकांनी काढलेला असतो, आरएनए क्वचित कुणी. प्रोटोकॉलचा कागद हातात असतो, पायऱ्या तोंडपाठ असतात, आणि तरी पहिल्या जेलवर, म्हणजे विजेच्या प्रवाहाने रेणू लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर, काहीच दिसत नाही. आरएनएचं काम पायऱ्या पाठ करून जमत नाही, असं माझं ठाम मत आहे. पेशी हा रेणू कशासाठी बनवते आणि बनवून लगेच कशासाठी मोडते, हे एकदा समजलं की घाई कुठे करायची आणि थांबलं तरी कुठे चालतं, हे कुणी सांगावं लागत नाही. म्हणून मी नव्या मुलांना पिपेट देण्याआधी जे सांगते, ते इथे सगळं एका जागी लिहिते आहे. ज्यांना प्रयोग करायचा नाही, नुसतं आरएनए म्हणजे काय ते समजून घ्यायचंय, त्यांनीही वाचायला हरकत नाही. करून बघण्याच्या निमित्ताने तो जास्त नीट कळतो.

आधी रेणू ओळखा

आरएनए ही एक लांब साखळी. साखर, फॉस्फेट, साखर, फॉस्फेट असा कणा, आणि प्रत्येक साखरेला चिकटलेला एक बेस: ए, यू, जी किंवा सी. पुढे यांनाच मी अक्षरं म्हणते. डीएनएमध्ये यूच्या जागी टी असतो. डीएनए दुपदरी असतो. आरएनए बहुधा एकपदरी, पण तो स्वतःवरच दुमडून स्वतःशीच जोड्या जमवतो आणि नाना आकार घेतो. इतकं बारावीच्या पुस्तकात असतंच.

कामाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक साखरेत आहे. आरएनएच्या साखरेत, म्हणजे रायबोजमध्ये, दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट असतो. डीएनएच्या साखरेत तिथे नुसता हायड्रोजन. हा एकच ऑक्सिजन सगळा घोळ घालतो. तो शेजारच्याच फॉस्फेटवर हल्ला करतो आणि साखळी तिथे तुटते. द्रावण अल्कधर्मी असेल तर हे झपाट्याने होतं. मॅग्नेशियमसारखे आयन असतील आणि वर उष्णता मिळाली, तरीही होतं. डीएनएकडे हे हत्यार नाही, म्हणून तो टिकतो. हरियाणातल्या राखीगढी इथे आपल्या डेक्कन कॉलेजच्या चमूने उत्खनन केलं, आणि तिथल्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका सांगाड्यातून डीएनए वाचला गेला. त्यावरचा शोधनिबंध २०१९ साली आला. आरएनए इतकी वर्षं टिकणं फारच दुर्मीळ.

नवी मुलं इथे म्हणतात, ‘मग पेशीने असा कमकुवत रेणू वापरलाच का?’ प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर त्याहून सुंदर आहे.

पेशीच्या केंद्रकात डीएनएत हजारो जनुकांची माहिती असते, पण सगळी प्रथिनं सगळ्या वेळी लागत नाहीत. जे लागेल तेवढ्याच जनुकाची आरएनए प्रत काढली जाते. ती केंद्रकाबाहेर येते, रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या पेशीतल्या यंत्रावर, वाचली जाते, त्याबरहुकूम प्रथिन बनतं. ही प्रत म्हणजे मेसेंजर आरएनए, एमआरएनए. अशी क्षणजीवी प्रत असते हे १९६१ साली ब्रेनर, जेकब आणि मेसेलसन यांनी जिवाणूंवरच्या प्रयोगातून दाखवलं. आता समजा ही प्रत कायमची टिकली असती, तर? एकदा दिलेला हुकूम मागेच घेता आला नसता. ताप उतरला तरी तापातली प्रथिनं बनतच राहिली असती. ई. कोलाय या जिवाणूत बहुतेक एमआरएनए काही मिनिटांत मोडतात, म्हणून तो जिवाणू खाणं बदललं की मिनिटांत स्वतःला बदलतो. आपल्या पेशींत काही एमआरएनए पंधरा-वीस मिनिटंच जगतात, काही कित्येक तास. किती जगायचं हेही पेशीच ठरवते. मोडणं हा आरएनएच्या कामाचाच भाग आहे, आणि ते मोडण्यासाठी पेशी खास एन्झाइम बाळगते: रायबोन्यूक्लिएज, बोलीभाषेत आरएनेज.

आपला सगळा झगडा याच एन्झाइमशी. तुम्ही पेशी फोडता त्या क्षणी आत वेगवेगळ्या कप्प्यांत असलेले आरएनेज मोकळे होतात आणि तुम्हाला हव्या असलेल्या आरएनएवर तुटून पडतात. शिवाय आपल्या त्वचेवरही ते असतात. आरएनेज ७ नावाचं एक प्रथिन आपली त्वचा स्वतःहून स्रवते, कारण ते जंतूंना मारतं. म्हणजे उघड्या बोटाने ट्यूबच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हात लावणं म्हणजे त्यात आरएनेज टाकणंच.

ट्यूबमध्ये नेमकं काय येणार आहे

बरेच जण समजतात की आरएनए काढला म्हणजे एमआरएनए मिळाला. तसं नसतं. पेशीतल्या एकूण आरएनएपैकी ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त भाग रायबोसोमल आरएनए असतो. त्यानंतर ट्रान्सफर आरएनए, साधारण पंधरा टक्के. एमआरएनए जेमतेम एक ते पाच टक्के. उरलेल्यात किरकोळ संख्येने पण मोठ्या अधिकाराचे छोटे आरएनए.

रायबोसोमल आरएनएला ‘नुसता सांगाडा’ समजू नका. रायबोसोममध्ये अमिनो आम्लं एकमेकांना जोडण्याचं रासायनिक काम प्रथिन करत नाही, आरएनएच करतो. रायबोसोमची रचना अणूपर्यंत उलगडली तेव्हा हे स्पष्ट दिसलं. २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच वेंकी रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना मिळालं. आरएनए स्वतः एन्झाइमचं काम करू शकतो हे त्याआधीच चेक आणि ऑल्टमन यांनी दाखवलं होतं, त्यांचं नोबेल १९८९ चं. मला स्वतःला आरएनएबद्दलची ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते: माहिती साठवणं आणि काम करणं, दोन्ही एकाच रेणूला जमतं.

ट्रान्सफर आरएनए एका टोकाला अमिनो आम्ल धरतो आणि दुसऱ्या टोकाच्या तीन अक्षरांनी एमआरएनएवरची तीन अक्षरं ओळखतो. चार अक्षरांची तीन-तीनची ६४ रूपं होतात. त्यांतली ६१ अमिनो आम्लांसाठी, ३ थांबण्यासाठी. एयूजीपासून वाचन सुरू होतं. नुसत्या यू-यू-यूने बनलेला आरएनए फेनिलअलानिनची साखळी बनवतो, हे निरेनबर्ग आणि मथाय यांनी १९६१ मध्ये शोधलं. पुढे बाकीची कोष्टकं भरण्यात हरगोविंद खुराणांचा मोठा वाटा होता. त्यांचं, निरेनबर्ग आणि होली यांचं नोबेल १९६८ चं. या भाषेत एक अक्षर चुकलं तर काय होतं ते बघायला लांब जायला नको. नंदुरबार, गडचिरोलीकडे सिकलसेलचे रुग्ण आहेत. हिमोग्लोबिनच्या एका साखळीच्या एमआरएनएत जीएजीच्या जागी जीयूजी येतो, ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, आणि तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात.

छोट्या आरएनएबद्दल एवढंच: मायक्रोआरएनए साधारण २२ अक्षरांचे असतात, ते एमआरएनएला चिकटून त्याचं वाचन रोखतात किंवा त्याला मोडायला लावतात. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल अँब्रोस आणि रव्हकुन यांना याच शोधासाठी. कामात लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की बाजारात मिळणारे बरेच कॉलम-किट २०० अक्षरांहून छोटे आरएनए धरून ठेवत नाहीत, धुण्यात वाहून जातात. तुमचा प्रकल्प मायक्रोआरएनएवर असेल तर किट घेण्याआधी डबीवरची माहिती वाचा.

एमआरएनए डीएनएपासून किती स्वतंत्रपणे काम करतो याचा पुरावा तुमच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये असतो. ‘रेटिक्युलोसाइट काउंट’ लिहिलेलं पाहिलं असेल. अस्थिमज्जेतून नुकतीच बाहेर आलेली ही तांबडी पेशी. तिने केंद्रक टाकून दिलेलं असतं, म्हणजे डीएनएची मूळ पोथीच नाही. तरी आधी काढून ठेवलेल्या एमआरएनएवर ती काही काळ हिमोग्लोबिन बनवत राहते. पॅथॉलॉजीत निळा रंग देऊन तिच्यात जी जाळी दिसते, ती उरलेल्या रायबोसोमच्या आरएनएची. आरएनए संपला की जाळी जाते आणि पेशी पूर्ण तयार झाली असं समजतात.

सामान कशातून घ्यावं: मुगाचं टोक

पहिल्या सरावाला मी मुगाचे मोड देते. मंडईतले विकतचे मोड नकोत. ते बरेच तास पडून असतात, टोकं तपकिरी झालेली असतात. घरीच मूग रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात बांधा आणि मोड बोटाच्या पेरापेक्षा लांब व्हायच्या आत घ्या. फक्त मुळाचं पांढरं टोक घ्यायचं, तीन-चार मिलिमीटर. दाणा अजिबात नको. दाण्यात स्टार्च ठासून भरलेला असतो आणि तो शेवटपर्यंत आरएनएबरोबर चिकट पांढरट गाळ होऊन येतो. टोकात मात्र पेशी सतत विभागत असतात, प्रथिनं बनवण्याचा सपाटा चालू असतो, म्हणजेच रायबोसोम भरपूर, म्हणजेच आरएनए भरपूर. आणखी एक फायदा: अंधारात उगवलेलं मूळ हिरवं नसतं. पानातून आरएनए काढला तर हरितद्रव्याच्या कणांमधल्या रायबोसोमचे जादा बँड, म्हणजे पट्टे, जेलवर येतात आणि नवशिका गोंधळतो.

टोकं कापायला नवं ब्लेड, खाली स्वच्छ फॉइल. कापलेलं टोक लगेच बर्फावरच्या ट्यूबमध्ये, आणि शंभर मिलिग्रॅम भरलं की ट्यूब लगेच द्रव नायट्रोजनमध्ये. सगळी टोकं कापून झाल्यावर निवांत गोठवू, असं करू नका. कापणं म्हणजे पेशी जखमी करणं, आणि जखम झाली की पेशी स्वतःच जुने एमआरएनए मोडून नवे बनवू लागते. तुम्ही मोजताय ते मग मुळाचं रोजचं आयुष्य राहत नाही, जखमेला दिलेलं उत्तर होतं.

द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो. जाड हातमोजे, चेहऱ्याला ढाल, आणि कॅन घेऊन लिफ्टमधून माणसाने जायचं नाही. बंद जागेत तो हवेतला प्राणवायू हटवतो.

बाकाची तयारी

आरएनेज ए हे चार सल्फर-जोडण्यांनी घट्ट बांधलेलं छोटंसं प्रथिन आहे, १२४ अमिनो आम्लांचं. उकळलं तरी निवल्यावर पुन्हा घडी घालून कामाला लागतं. याच्या घडीवरच्या कामासाठी अन्फिन्सन यांना १९७२ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. त्याला चालायला मॅग्नेशियम लागत नाही, म्हणून मॅग्नेशियम धरून ठेवणारं ईडीटीए घातलं की डीएनेज, म्हणजे डीएनए तोडणारं एन्झाइम, जसं थंडावतं तसं हे थंडावत नाही. नुसत्या ऑटोक्लेव्हवरही, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करण्यावरही, विसंबू नका.

तर खल-बत्ता आणि काचेची भांडी फॉइलमध्ये गुंडाळून १८० अंशांवर निदान चार तास भाजा. आम्ही रात्रभर ठेवतो. पिपेटच्या टिपा फिल्टरच्या, सीलबंद. पाणी विकतचं न्यूक्लिएजमुक्त घेतलेलं बरं. घरी करायचं तर ०.१ टक्का डीईपीसी (आरएनेज निकामी करणारं रसायन) घालून रात्रभर ठेवतात आणि मग ऑटोक्लेव्ह करतात, पण ते फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात, आणि ट्रिस असलेल्या बफरला (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाला) डीईपीसी लावू नये, ट्रिसच त्याला खाऊन टाकतं.

प्लाझ्मिड (जिवाणूतलं छोटं गोल डीएनए) काढण्याच्या किटमध्ये आरएनेज मुद्दाम घातलेलं असतं. त्या बाकावरचं पिपेट, तिथला टिपांचा डबा, तिथला मार्कर, काहीही आरएनएच्या बाकावर आणायचं नाही. मला विचाराल तर वाया गेलेल्या नमुन्यांचं हे सर्वांत मोठं आणि सर्वांत कमी बोललं जाणारं कारण आहे. हातमोजे घातले म्हणजे झालं असंही नाही. मोबाइल, दाराची कडी, चष्मा, केस, यांतल्या कशालाही हात लागला की जोडी बदला.

आणि गुरुवार टाळा. देखभालीसाठी महापालिका पाणी बंद ठेवते तो बहुतेक गुरुवारच असतो, मग बर्फाचं यंत्र रिकामं आणि ऑटोक्लेव्ह कोरडा. बर्फ नाही तर आरएनए नाही.

प्रत्यक्ष काढणं

खल द्रव नायट्रोजनने गार करा, टोकं त्यात टाका, पिठासारखी भुकटी होईपर्यंत कुटा. मध्ये वितळू देऊ नका, गरज पडेल तसा नायट्रोजन घाला. द्रव नायट्रोजन मिळत नसेल तर मुगाची टोकं मऊ असतात, गार खलात सरळ ट्रायझॉलमध्येच वाटली तरी सरावापुरतं चालतं. भुकटी वितळायच्या आत शंभर मिलिग्रॅमला एक मिलिलिटर ट्रायझॉल.

ट्रायझॉलमध्ये फिनॉल आणि ग्वानिडिनियम थायोसायनेट असतं. दुसऱ्याचं काम सगळ्या प्रथिनांची घडी विस्कटणं, त्यात आरएनेजही आले. ट्रायझॉल नीट मिसळलं की तुम्ही सुरक्षित आहात, इथून पुढे दहा मिनिटं इकडे-तिकडे झाली तरी बिघडत नाही. अख्खी धावपळ या क्षणाच्या आधीची आहे. पण लक्षात ठेवा, आरएनेज मेलेलं नाही, विस्कटलेलं आहे. ग्वानिडिनियम निघून गेलं की ते पुन्हा घडी घालेल. म्हणून त्याला ट्यूबमधून बाहेरच काढावं लागतं, आणि पुढची पायरी त्यासाठी आहे. ही पद्धत चोम्चिन्स्की आणि साक्की यांनी १९८७ मध्ये दिली, आजही जगभर तीच चालते.

फिनॉल कातडी भाजतं, आणि भाजलेलं लगेच कळतही नाही. सगळं हूडमध्ये करा. ट्रायझॉलच्या कचऱ्यात ब्लीच कधीही ओतू नका, विषारी वायू सुटतो. त्याची बाटली वेगळी.

पाच मिनिटं खोलीच्या तापमानाला ठेवा. वनस्पतीचा नमुना आहे म्हणून आधी सेंट्रिफ्यूजमध्ये १२,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या १२,००० पट जोराने) ४ अंशांना दहा मिनिटं फिरवून न विरघळलेला चोथा खाली बसवा आणि वरचं द्रावण नव्या ट्यूबमध्ये घ्या. मग ०.२ मिलिलिटर क्लोरोफॉर्म, पंधरा सेकंद हाताने जोरात हलवा, दोन-तीन मिनिटं उभं ठेवा, १२,००० जी, १५ मिनिटं, ४ अंश.

आता ट्यूब उजेडासमोर धरा. खाली गुलाबी थर, मध्ये पांढरा पापुद्रा, वर स्वच्छ पाण्यासारखा थर. आरएनए वर. प्रथिनं खाली आणि पापुद्र्यात. डीएनएसुद्धा तिथेच, कारण द्रावण आम्लधर्मी आहे. आम्लात डीएनए पाण्याचा थर सोडतो आणि आरएनए सोडत नाही. म्हणूनच फ्रीजमधली पीएच ८ ची फिनॉलची बाटली इथे वापरायची नाही, ती डीएनएसाठी असते. वरचा थर साधारण अर्धा मिलिलिटर भरेल. त्यातला ४०० मायक्रोलिटरच घ्या, ट्यूब तिरकी धरून, टिप वरच्या पृष्ठभागाजवळ ठेवून. ‘थोडा राहिलाय’ म्हणून पापुद्र्यापर्यंत जाऊ नका. पापुद्र्याचा एक धागा वर आला की त्याच्यासोबत आरएनेज आलं, आणि ते पुढे शुद्ध पाण्यात गेल्यावर पुन्हा जागं होतं. शंभर मायक्रोलिटरचा लोभ सगळा नमुना घालवतो.

या ४०० मध्ये पाव मिलिलिटर आयसोप्रोपॅनॉल आणि पाव मिलिलिटर जास्त मिठाचं द्रावण, म्हणजे ०.८ मोलर सोडियम सायट्रेट आणि १.२ मोलर मीठ. मिठामुळे वनस्पतीतले चिकट शर्करा-रेणू विरघळलेले राहतात आणि आरएनए एकटा खाली येतो. दहा मिनिटांनी १२,००० जी, १० मिनिटं. ट्यूब ठेवताना झाकणाची बिजागरी बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे पेलेट (तळाशी बसलेला आरएनएचा गाळ) दिसलं नाही तरी कुठे आहे ते माहीत असतं. ते जेलीसारखं, जवळजवळ पारदर्शक असतं. पांढरंशुभ्र आणि मोठं दिसलं तर खूश होऊ नका, तो स्टार्च असतो.

एक मिलिलिटर ७५ टक्के इथेनॉलने धुवा, ७,५०० जी, ५ मिनिटं. थांबायचं असेल तर इथेच थांबा. इथेनॉलखाली आरएनए ४ अंशांना आठवडाभर आणि उणे २० ला वर्षभर राहतो, कारण तो विरघळलेलाच नसतो आणि एन्झाइमला काम करायला पुरेसं पाणी नसतं. हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीने केलेली एमआरएनए लस, जेमकोव्हॅक-१९, २ ते ८ अंशांना साध्या फ्रीजमध्ये ठेवता येते, ती कोरडी भुकटी करून दिली जाते म्हणून. जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. त्याआधीच्या द्रवरूप एमआरएनए लशींना खोल गोठवून ठेवावं लागत होतं.

इथेनॉल पूर्ण काढा, झाकण उघडं ठेवून वाळवा. एप्रिलमधल्या कोरड्या हवेत तीन-चार मिनिटं पुरतात, जुलैत दहाही लागतात, तेव्हा घड्याळाऐवजी ट्यूबकडे बघा. कडेचे थेंब गेले की पुरे. कडकडीत वाळलेला आरएनए पुन्हा विरघळत नाही. ५० मायक्रोलिटर पाण्यात ५५ अंशांवर दहा मिनिटं, आणि मग बर्फावर.

जमलं का ते कसं ओळखायचं

आधी स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणारं यंत्र. २६० नॅनोमीटरला शोषण १ म्हणजे मिलिलिटरला ४० मायक्रोग्रॅम आरएनए. २६०/२८० चं गुणोत्तर २ च्या आसपास हवं. २६०/२३० फार खाली असेल तर ग्वानिडिनियम किंवा फिनॉल राहिलंय, इथेनॉलने पुन्हा धुवा. पण हे यंत्र तुटलेला आणि अखंड आरएनए यांत भेद करत नाही. चुराडा झालेला आरएनएही झकास २.० दाखवतो. आकडा बघून नाचणाऱ्या मुलांना मी जेल लावायला पाठवते.

एक टक्का आगरोज जेल, त्यात वितळवण्याआधी एक टक्का घरगुती ब्लीच घालून पाच मिनिटं ठेवा. ब्लीच जेलमधल्या आरएनेजचा बंदोबस्त करतं. मुगात दोन ठळक बँड दिसायला हवेत, २५एस आणि १८एस (एस हे रेणू किती वेगाने खाली बसतो त्याचं एकक). प्राण्यांच्या पेशीत ते २८एस आणि १८एस, जिवाणूत २३एस आणि १६एस. हे सगळे रायबोसोमल आरएनए. वरचा बँड खालच्याच्या साधारण दुप्पट तेजस्वी असला तर आरएनए अखंड आहे, कारण दोन्हींचे रेणू सारख्याच संख्येने असतात आणि मोठ्यात रंग जास्त बसतो. एमआरएनए वेगवेगळ्या लांबीचे, म्हणून त्यांचा बँड दिसत नाही, मागे फिकट झाक दिसते. दोन्ही बँड गायब होऊन बोटाने पुसलेल्या रांगोळीसारखा पट्टा खालपर्यंत आला असेल तर आरएनए तुटला. जेलमधल्या नमुना भरायच्या खाचेतच काही चमकत असेल तर डीएनए आहे.

थोडा डीएनए जवळजवळ नेहमीच येतो. डीएनेज घाला, ३७ अंशांवर अर्धा तास. मग ते बंद करायला तापवायचं, पण तापवण्याआधी ईडीटीए घालायचंच. डीएनेजच्या बफरमध्ये मॅग्नेशियम असतं, आणि मॅग्नेशियम अधिक उष्णता म्हणजे आरएनएचे तुकडे, हे आपण वर पाहिलंच.

पुढे: सीडीएनए

पीसीआर म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं, आणि त्यातलं एन्झाइम आरएनए वाचत नाही. आधी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजने आरएनएची डीएनए प्रत, म्हणजे सीडीएनए, काढावी लागते. हे एन्झाइम १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधलं. मुगासारख्या जिवाच्या एमआरएनएला शेवटी ए-ए-ए-ए अशी शेपटी असते, म्हणून टी-टी-टीचा प्राइमर (जिथून प्रत काढायला सुरुवात होते तो डीएनएचा छोटा तुकडा) तिथे बसतो आणि नेमका एमआरएनएच निवडला जातो.

हा प्राइमर सरसकट वापरू नका. पावसाळ्यात पुण्यात ज्याच्या रुग्णांची रांग लागते तो डेंग्यूचा विषाणू घ्या. त्याचा जीनोमच आरएनएचा, सुमारे ११,००० अक्षरांचा, आणि त्याला ए-शेपटी नाही. टीचा प्राइमर त्याला धरणारच नाही; तिथे सहा अक्षरांचे रँडम प्राइमर किंवा विषाणूचे खास प्राइमर हवेत. करोना विषाणूचा आरएनए जवळपास ३०,००० अक्षरांचा, त्याला मात्र शेपटी आहे. जानेवारी २०२० मध्ये केरळमधल्या देशातल्या पहिल्या रुग्णाचं निदान आपल्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत पक्कं झालं, तेही आरएनएची डीएनए प्रत काढूनच. स्वॅबमधला तो आरएनए पुण्यापर्यंत शाबूत पोचला म्हणून चाचणी झाली. थंड डब्यातून नमुने नेणाऱ्यांचं काम किती मोलाचं होतं ते यावरून लक्षात घ्या.

प्रत्येक वेळी एक ट्यूब रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घालता लावा. तिच्यात पीसीआरनंतर काही उगवलं तर ते डीएनएतून आलंय, तुमच्या आरएनएतून नाही. ही ट्यूब नसेल तर मी निकाल बघतही नाही.

ठेवणं

५० मायक्रोलिटर एकाच ट्यूबमध्ये ठेवू नका. दहा-दहाच्या पाच करा, उणे ८० ला ठेवा, लागेल ती एकच बाहेर काढा. दर वेळी वितळवणं आणि गोठवणं यात आरएनए झिजतो. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज जाते तेव्हा फ्रीझर जनरेटरवर आहे ना ते विचारून ठेवा, आणि वीज नसताना त्याचं दार उघडू नका. ट्यूबवर अल्कोहोलने न पुसणाऱ्या मार्करने तारीख, ऊतक आणि भिजवल्यापासून किती तासांनी टोक कापलं ते लिहा. एमआरएनए तासागणिक बदलतो, त्यामुळे ‘मूग’ एवढंच लिहिलेली ट्यूब पुढच्या महिन्यात निरुपयोगी होते.

टोकातून दोन स्वच्छ बँड मिळाले की मग दाण्याकडे वळा, तेही न भिजवलेल्या. कोरड्या मुगात शेंग पिकत असताना बनवून ठेवलेले एमआरएनए असतात. पाणी नाही, म्हणून ते तसेच राहतात, आणि भिजवल्यावर पहिली प्रथिनं त्यांच्यावरच बनतात. भिजवण्याआधी, मग दोन तासांनी, सहा तासांनी, बारा तासांनी असे नमुने घेतले तर जुने एमआरएनए जाऊन नवे कसे येतात हे सीडीएनएवर दिसतं. स्टार्चचा त्रास होणारच. त्यासाठी दाणा पन्नास मिलिग्रॅमच घ्या, ट्रायझॉल तेवढंच ठेवा आणि चोथा बसवण्याची फेरी दोनदा करा.